ऑनलाइन विक्रीचा हिशेब चुकला, जीएसटीची नोटीस आली: जाणकारांनी इस्कटून सांगावं

गोधडीघर (अंबाजोगाई)
४ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईजवळच्या एका गावात आम्ही आठ बायका मिळून हातशिलाईच्या वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवतो. आजीसासूबाई जुन्या लुगड्यांच्या शिवायच्या, आम्ही तोच टाका नव्या सुती कापडावर घालतो. जास्त करून बाळासाठीच्या लहान गोधड्या. एप्रिल २०२४ पासून एका मोठ्या विक्री-ॲपवर माझ्या नावानं दुकान आहे. जीएसटी नंबर घेतलेला आहे, रिटर्न दर महिन्याला जातं.

मागच्या वर्षभरात परत आलेले सोडून ९६० नग गेले. मी काय करायचे, तर बँकेत ॲपकडून जेवढे पैसे जमा झाले तेवढी महिन्याची बेरीज मारून रिटर्न भरणाऱ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायचे. ते त्यातून ५ टक्के काढून भरायचे. मागच्या आठवड्यात, २८ ऑक्टोबरला पोर्टलवर एएसएमटी-१० नावाची नोटीस आली. त्यात लिहिलंय की ॲपनं माझी २०२४-२५ ची विक्री ८ लाख ६४ हजार कळवली आहे अन् मी दाखवली आहे ६ लाख ६५ हजारांच्या आसपास. फरकाचा खुलासा ३० दिवसांत करा.

मी एक रुपया लपवलेला नाही. बँकेत जे आलं ते सगळं दाखवलं. मग हे दोन लाख कुठले? तीन दिवस झाले, रात्री झोप येईना. घरात सगळे म्हणायलेत की हे ऑनलाइनचं झंझट बंद कर. पण सात घरांची मजुरी या वाकळांवर चालते. कुणी नीट समजावून सांगाल का?

मोंढ्यातला मुनीम (लातूर)
४ नोव्हेंबर, रात्री १०:५५

ताई, आधी शांत झोपा. ही मागणीची नोटीस नाही, खुलासा मागितला आहे. तुमचा खुलासा सरळ आहे.

मी लातूरच्या मोंढ्यात अडत दुकानावर छत्तीस वर्षं वह्या लिहिल्या. तुमचं प्रकरण वाचून मला आपली हिशोबपट्टी आठवली. शेतकऱ्यानं सोयाबीन आणलं की जुन्या पट्टीत काय असायचं? वर मालाची पूर्ण किंमत. खाली वजा अडत, वजा हमाली, वजा तोलाई. शेवटी हातात पडणारी रक्कम. आता सांगा, शेतकऱ्यानं माल कितीला विकला? वरच्या आकड्याला. खालचा आकडा म्हणजे खर्च जाऊन हातात आलेले पैसे.

तुमचं ॲप म्हणजे तुमचा अडत्या. तो गिऱ्हाइकाकडून पूर्ण पैसे घेतो, त्यातून आपलं कमिशन, पाठवणी, त्यावरचा कर, सगळं कापून उरलेलं तुमच्या खात्यात टाकतो. तुम्ही पट्टीची शेवटची ओळ विक्री म्हणून लिहिली. सरकारनं अडत्याकडून पट्टीची पहिली ओळ मागवली. हे तुमचे दोन लाख.

ॲपवर पट्टी मिळतेच, तिला ते सेटलमेंट रिपोर्ट म्हणतात. एप्रिल २०२४ पासूनच्या सगळ्या उतरवून घ्या. पुढचं करसल्लागारांनी सांगावं, कलमांच्या बाबतीत मी हात घालत नाही.

करसल्लागार_नांदेड
५ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

मुनीमकाकांनी मूळ सांगितलं. आता आकडे मांडू, कारण ताईंच्या प्रकरणात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे आणि तिला तारीख लागलेली आहे.

ताई, एका नगाची किंमत, कमिशन आणि पाठवणी किती ते सांगा. आणि ॲपच्या कमिशनवरच्या जीएसटीचं क्रेडिट तुमच्या रिटर्नमध्ये कधी घेतलं आहे का? ३बी रिटर्नचा, म्हणजे दर महिन्याला कर भरता त्या रिटर्नचा, चौथा तक्ता बघा.

गोधडीघर (अंबाजोगाई)
५ नोव्हेंबर, दुपारी १:३०

गिऱ्हाईक ९४५ रुपये देतं. त्यात ९०० माझे, ४५ जीएसटी. कमिशन १०८, पाठवणी ७२. चौथ्या तक्त्यात सगळीकडं शून्य आहे. क्रेडिट म्हणजे काय ते मला कुणी सांगितलंच नाही.

करसल्लागार_नांदेड
५ नोव्हेंबर, रात्री ९:२०

वाटलंच होतं. आता एकाच गोधडीचा हिशेब पहा. आजच्या दरांनी मांडतो.

गिऱ्हाइकाचे ९४५. त्यातून ॲपचं कमिशन आणि पाठवणी मिळून १८० गेले. त्या १८० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३२.४० गेले. ९०० वर जीएसटीचा टीसीएस (ॲप आधीच कापून तुमच्या नावानं सरकारकडे भरतं ती रक्कम) अर्धा टक्का, ४.५० गेले. तसाच आधी कापलेला आयकराचा टीडीएस ०.१ टक्का, ९० पैसे गेले. तुमच्या खात्यात आले ७२७.२०.

तुमच्याकडे त्या ७२७.२० मधून ५ टक्के काढले गेले. म्हणजे विक्री ६९२.५७ आणि कर ३४.६३. खरी विक्री ९०० आणि कर ४५. एका नगामागे विक्री २०७ रुपयांनी कमी दिसली. गुणिले ९६०, झाले जवळपास २ लाख. नोटिशीतला फरक तोच. मागच्या वर्षी टीसीएस-टीडीएसचे दर काही महिने वेगळे होते, तेवढा किरकोळ फरक राहील.

आता महत्त्वाचं. ॲपला दिलेले ३२.४० हा तुम्ही भरलेला जीएसटी आहे आणि तो ४५ मधून वजा करायचा तुम्हाला हक्क आहे, यालाच क्रेडिट म्हणतात. म्हणजे एका नगावर देणं निघतं फक्त १२.६०. तुम्ही भरलेत ३४.६३. विक्री कमी दाखवूनसुद्धा तुम्ही सरकारकडे कर जास्त भरलेला आहे.

वर्षाचं बघा. कमी दाखवलेल्या विक्रीवरचा कर साधारण ९,९५७. न घेतलेलं क्रेडिट ९६० गुणिले ३२.४०, म्हणजे ३१,१०४. परत आलेल्या पार्सलांच्या पाठवणीवरचा जीएसटी याशिवाय.

पण २०२४-२५ च्या बिलांचं क्रेडिट घ्यायची शेवटची मुदत ३० नोव्हेंबर २०२५ आहे. त्यानंतर ते कायमचं गेलं. तुम्ही मासिक रिटर्नवाल्या आहात हे सुदैव, ऑक्टोबरचं ३बी २० नोव्हेंबरपर्यंत भरायचं आहे, त्यातच हे क्रेडिट घ्या. तिमाही योजनेत असता तर पुढचं ३बी थेट जानेवारीत भरलं असतं आणि ही रक्कम हातची गेली असती.

आजच करायचं काम: पोर्टलवर २०२४-२५ चे बाराही २बी (तुमच्या नंबरावर आलेल्या बिलांची महिन्याची यादी) उतरवा. ॲपच्या कंपनीची बिलं तिथे तुमच्या नंबरावर दिसतायत का ते तपासा. जी दिसतात त्यांचंच क्रेडिट मिळतं.

जालनेकर_स्टेशनरी
५ नोव्हेंबर, रात्री १०:०५

ताई, एवढ्या लहान धंद्याला जीएसटी नंबरच कशाला ठेवता? माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. नंबर रद्द करा नाहीतर कंपोझिशन, म्हणजे लहान धंद्याची सोपी योजना, घ्या, १ टक्का भरा अन् मोकळ्या व्हा. मी दुकानाचं तेच करायलो.

करसल्लागार_नांदेड
५ नोव्हेंबर, रात्री १०:४०

भाऊ, दुकानाला तुमचं बरोबर आहे, ऑनलाइनला तसंच लावता येत नाही. ॲपवरून विकणाऱ्याला पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत मिळाली, पण अटी आहेत. विक्री फक्त आपल्याच राज्यात हवी, उलाढाल मर्यादेच्या आत हवी आणि पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन तो ॲपला द्यावा लागतो. कंपोझिशनवाल्यालाही तेव्हापासून ॲपवर विकता येतं, तेसुद्धा राज्यातल्या राज्यातच. शिवाय त्याला गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही आणि क्रेडिट मिळत नाही.

ताई, तुमच्या गोधड्या महाराष्ट्राबाहेर किती जातात?

गोधडीघर (अंबाजोगाई)
६ नोव्हेंबर, सकाळी ७:००

निम्म्याच्या वर. हैदराबाद अन् बेंगळुरू सगळ्यात जास्त.

करसल्लागार_नांदेड
६ नोव्हेंबर, सकाळी ७:२५

मग नंबर ठेवायचाच. हैदराबादची गिऱ्हाइकं सोडून कर वाचवण्यात अर्थ नाही. आणि वर दाखवलं तसं, क्रेडिट घेतलं तर नोंदणी तुम्हाला जड जातही नाही.

पैठणी_थेट (पैठण)
६ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

आमच्या घरी दोन माग आहेत, मी विणलेल्या साड्या ऑनलाइन विकते. गोधडीताई, तुमच्यासारखंच पहिल्या वर्षी माझं झालं होतं, म्हणून परतीच्या मालाबद्दल लिहिते, कारण हिशेब तिथं सगळ्यात जास्त विस्कटतो.

परत येणं दोन प्रकारचं. एक, गिऱ्हाइकानं घेतलंच नाही, पार्सल तसंच माघारी आलं. दुसरं, घेतलं, दोन दिवसांनी परत केलं. दोन्हीत बिल आधी फाटलेलं असतं, म्हणून दोन्हीत विक्री उलटवावी लागते. सप्टेंबरात गेलेली साडी ऑक्टोबरात परत आली तर सप्टेंबरला हात लावायचा नाही, ऑक्टोबरच्या विक्रीतून वजा करायची. आणि ज्या राज्यातून परत आली त्याच राज्याच्या आकड्यातून वजा करायची. मी एकदा तेलंगणाची परती महाराष्ट्रातून वजा केली होती, ते निस्तरायला दोन महिने गेले.

पैसे परत गेले तरी दोन्ही बाजूंची पाठवणी ॲप कापून घेतं. ती पट्टीत मध्येच कुठंतरी असते, डोळ्यांत तेल घालून शोधा. तो खर्च आहे आणि त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिटही मिळतं.

तिसरं म्हणजे माल. पट्टीत 'परत' लिहून आलं म्हणजे साडी घरी पोचली असं नाही. माझी एक साडी अशीच पाच आठवडे वाटेत होती आणि मी दावा करायची मुदत चुकवली. तेव्हापासून भिंतीवर वेगळी वही टांगली आहे: परत निघाल्याची तारीख, हातात आल्याची तारीख, अवस्था. पार्सल उघडताना व्हिडिओ काढतेच.

आणि महाग माल असेल तर ई-वे बिल (माल पाठवण्याआधी पोर्टलवर काढायचा वाहतुकीचा कागद) विसरू नका. राज्याबाहेर ५० हजारांच्या वर, महाराष्ट्रात १ लाखाच्या वर. थेट फोनवर विकलेल्या भारी पैठणीला ते लागतं.

मोंढ्यातला मुनीम (लातूर)
६ नोव्हेंबर, रात्री ८:३०

पैठणच्या ताईंनी लाखातली गोष्ट सांगितली. पैशाची वही आणि मालाची वही वेगळी पाहिजे. मोंढ्यात पोत्यांची वही वेगळीच असते.

गोधडीताई, तुम्ही कापड बायकांना घरी देता का? मजुरी कशी देता? कापड कुठून, पक्क्या बिलानं का?

गोधडीघर (अंबाजोगाई)
६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

कापड मापून घरी देते. नगावर मजुरी, शनिवारी रोख. कापड निम्मं पक्क्या बिलावर, निम्मं कच्च्या चिठ्ठीवर. दुकानदार म्हणतो बिल घेतलं तर ५ टक्के जास्त पडतील.

अन् एक सांगायचं राहिलं. हे सगळं माझ्या बचत खात्यातच चालतं. त्याच खात्यातून पेरणीला बियाणं-खत घेतलं जातं, पोराची फी जाते. म्हणून विक्रीचे पैसे कुठले अन् घरचे कुठले हे मलाच कळंना झालंय.

मोंढ्यातला मुनीम (लातूर)
६ नोव्हेंबर, रात्री १०:३०

सगळ्या गोंधळाची आई हीच आहे. ताई, उद्या बँकेत जा आणि धंद्याच्या नावानं चालू खातं उघडा. ॲपचे पैसे तिथंच येऊ द्या. कापड, मजुरी, पाकिटं, कुरिअर, सगळं तिथूनच जाऊ द्या. घराला पैसे लागले तर महिन्यातून एकदा ठरलेली रक्कम घरच्या खात्यात वळवा आणि वहीत 'घरची उचल' लिहा. पेरणी आली की जास्त उचला, कोण नाही म्हणतं. पण उचल खर्चात धरायची नाही, ती तुमच्या भांडवलातून गेली. मी मोठमोठी दुकानं बसलेली पाहिली आहेत. धंदा तोट्यात नव्हता, उचलीची नोंद नव्हती.

कच्च्या चिठ्ठीचं कापड घेऊ नका. दुकानदार ज्या ५ टक्क्यांचं भय घालतो, ते पक्क्या बिलावर तुम्हाला क्रेडिट म्हणून परत मिळतात. बिलावर तुमचा जीएसटी नंबर घालून घ्या. मजुरीला साधं व्हाउचर करा: तारीख, नाव, नग, दर, रक्कम, सही किंवा अंगठा. आणि कापडाची वही: किती मीटर दिलं, किती गोधड्या आल्या. त्यातून तुम्हाला कळेल की एका गोधडीला कापड किती लागतं. हे कळल्याशिवाय भाव कसा ठरवता?

परभणीकर_पुण्यात
७ नोव्हेंबर, सकाळी ११:००

मी ॲप बनवणाऱ्यांपैकी नाही, पण असल्या रिपोर्टांशी रोजचा संबंध आहे. ताई, ॲपवर दोन वेगळे रिपोर्ट असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक मासिक कर अहवाल. तो बिलाच्या तारखेवर चालतो, राज्यवार असतो, जीएसटी रिटर्न त्यावरून भरायचं. दुसरा सेटलमेंट रिपोर्ट. तो पैसे सुटण्याच्या तारखेवर चालतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या ऑर्डरचे पैसे एप्रिलमध्ये येतात. विक्री मार्चची, जमा एप्रिलची. मार्चअखेर हे येणं वहीत 'ॲपकडून येणे' म्हणून दाखवावं लागतं.

दोन्ही रिपोर्ट ऑर्डर क्रमांकानं जोडता येतात. एक एक्सेल पत्रक पुरेसं आहे. ऑर्डर क्रमांक, बिलाची तारीख, राज्य, करपात्र किंमत, जीएसटी, कमिशन, पाठवणी, त्यावरचा जीएसटी, टीसीएस, टीडीएस, जमा रक्कम, जमा तारीख, परत आली तर तारीख. शेवटच्या रकान्यात सूत्र टाका: जे यायला हवं आणि जे आलं त्यातला फरक. फरक शून्य नसेल त्या ओळी लाल होतील. माझ्या बहिणीचं मसाल्याचं दुकान आहे, तिच्या पत्रकात पहिल्याच महिन्यात अकरा ओळी लाल झाल्या. वजन चुकीचं धरून जास्त पाठवणी कापलेली होती. दावा केल्यावर पैसे परत आले.

रिपोर्ट दर महिन्याला उतरवून पेनड्राइव्हवरही ठेवा. जुने रिपोर्ट ॲपवर कायम राहतील असं धरून चालू नका आणि जीएसटीत वह्या ७२ महिने जपाव्या लागतात, तेही वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून मोजून.

हळद_वसमत
७ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

धागा मन लावून वाचायलो. माझा जरा वेगळा प्रश्न. घरची हळद आहे, पावडर करून पाव-पाव किलोच्या पुड्या ऑनलाइन विकायची आहे. शेतकऱ्याला जीएसटी नाही म्हणतात, खरं का?

करसल्लागार_नांदेड
७ नोव्हेंबर, सायंकाळी ६:००

स्वतःच्या शेतात पिकवलेला माल शेतकरी विकतो तेवढ्यापुरती त्याला नोंदणीतून सूट आहे. पण दळून, पुड्या बांधून, नाव छापून विकायला लागलात की तो धंदा झाला. हळद पावडरीवर ५ टक्के आहे. त्यात शेजाऱ्याची हळद विकत घेऊन मिसळली तर शेतकऱ्याची सूट उरतच नाही. ॲपवर जायचं, राज्याबाहेर पाठवायचं, तर नंबर घ्या. खाण्याचा पदार्थ आहे म्हणून अन्न सुरक्षा नोंदणीही लागेल. लहान उलाढालीला मूळ नोंदणी पुरते. आयकरातही शेतीचं उत्पन्न आणि पावडरीचा नफा वेगळा लिहावा लागेल. त्यावर वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

गोधडीघर (अंबाजोगाई)
९ नोव्हेंबर, रात्री ११:१५

सगळ्यांचे किती आभार मानू. बाराही २बी उतरवले. ॲपची सगळी बिलं माझ्या नंबरावर आहेत. परतीच्या पाठवणीसकट क्रेडिट ३३ हजारांच्या वर निघतंय. मी आकडा तीनदा तपासला.

आता तीन प्रश्न. फरकाचा कर रिटर्नमध्ये दुरुस्त करू की वेगळा भरू? टीसीएस कापला ते पैसे कुठं गेले? आयकर रिटर्न मी सप्टेंबरात भरलं, त्यातही तोच चुकीचा आकडा आहे, त्याचं काय?

करसल्लागार_नांदेड
१० नोव्हेंबर, सकाळी ९:००

क्रमानं घ्या, कारण इथे क्रम चुकला तर पैसे अडकतात.

नोटीस हातात आलेली आहे, म्हणून फरक डीआरसी-०३ नं (आपणहून कर भरायच्या फॉर्मनं) भरा आणि त्याची प्रत खुलाशाला जोडा. रिटर्नमध्येही दुरुस्ती करून दोन्हीकडे भरू नका, लोक घाबरून तसं करतात. आधी ऑक्टोबरचं ३बी भरा, त्यात मागच्या वर्षाचं क्रेडिट घ्या. ते क्रेडिट खात्यात उभं राहिलं की त्यातून डीआरसी-०३ चा कर भरता येतो. व्याज मात्र क्रेडिटमधून चालत नाही, रोख लागतं. वर्षाला १८ टक्के, प्रत्येक महिन्याच्या फरकावर त्या त्या मुदतीपासून. तुमचं दोन हजारांच्या आसपास निघेल.

तेवढी रोख तुमच्याकडे पोर्टलवरच पडून आहे, तो तुमचा टीसीएस. 'टीडीएस-टीसीएस क्रेडिट रिसीव्ह्ड' या ठिकाणी जा, एकेक महिना स्वीकारा आणि दाखल करा. ते पैसे तुमच्या रोख खातेवहीत जमा होतील. १० जुलै २०२४ च्या आधी हा दर १ टक्का होता, नंतर अर्धा झाला. म्हणजे ८ लाख ६४ हजारांवर ४,३०० पेक्षा जास्तच निघाले पाहिजेत. ते कराच्या शीर्षकाखाली येतात, पीएमटी-०९ फॉर्मनं व्याजाच्या शीर्षकाखाली वळवा. उरलेले पुढच्या कराला वापरा.

मग एएसएमटी-११ या फॉर्ममध्ये नोटिशीला उत्तर. लांबलचक लिहू नका. महिनावार तक्ता द्या: ॲपनं कळवलेली विक्री, तुम्ही दाखवलेली, फरक, फरकाचं कारण. खाली दोन वाक्यं, की बँकेतली निव्वळ जमा विक्री समजून दाखवली गेली, फरकाचा कर व्याजासह भरला आहे. जमलं तर २४ तारखेच्या आत, तुमची मुदत २७ ला संपते.

आयकर: २०२४-२५ चं विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत सुधारून भरता येतं. ४४एडी (लहान धंद्याला उलाढालीच्या ठरावीक टक्क्यानं नफा दाखवू देणारं कलम) खाली उलाढाल ८ लाख ६४ हजार लिहा, जीएसटी सोडून. पैसे बँकेतून आले म्हणून नफा किमान ६ टक्के, म्हणजे ५१,८४० दाखवावा लागतो. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवा. तुमचं दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत त्या वर्षी ७ लाखांपर्यंत कर शून्य येतो, मग लपवायचं कशासाठी? शिवाय ॲपनं कापलेला टीडीएस परत मिळेल. तो ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत १ टक्का होता, नंतर ०.१ झाला. आयकर पोर्टलवरचं एआयएस (तुमच्या वर्षाच्या व्यवहारांची नोंद) उघडून सगळा दिसतोय का पहा.

व्यवसाय कराबद्दल कुणी सांगितलं आहे का? जीएसटी नंबर असलेल्याला महाराष्ट्रात पीटीईसी, म्हणजे व्यवसाय कराची नोंदणी, लागते, वर्षाला २,५००, मुदत ३० जून. घेतली नसेल तर घ्या, उशिराचं व्याज वाढत जातं.

आणि मोठ्या गोधड्याही विकता का? हजाराच्या वरच्या?

गोधडीघर (अंबाजोगाई)
१० नोव्हेंबर, दुपारी २:००

पीटीईसीचं आजच ऐकलं. मोठ्या वाकळा या दिवाळीपासूनच लावल्या, १,८०० च्या अन् एक २,८०० ची.

करसल्लागार_नांदेड
१० नोव्हेंबर, रात्री ८:४५

तर दर नीट लावा. सुती गोधडीला हजारापर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ असं पूर्वी होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंत ५ टक्के झाले आणि त्यापुढे १८. म्हणजे १,८०० ला ५, पण २,८०० च्या गोधडीला १८. ॲपवर प्रत्येक वस्तूला दर तुम्हीच निवडलेला असतो. एकच दर सगळ्यांना लावला असेल तर आजच बदला.

पैठणी_थेट (पैठण)
१० नोव्हेंबर, रात्री ९:३०

ताई, २,८०० चीच ठेवायची असेल तर ठेवा, तुमच्या हातांची किंमत आहे ती. पण भाव ठरवताना १८ टक्के धरून ठरवा. मी सुरुवातीला कमिशन धरलं होतं, परतीची पाठवणी धरली नव्हती. दहा साड्यांमागे दोन परत येतात असं धरून भाव काढला तेव्हा कुठं हातात काही राहू लागलं.

गोधडीघर (अंबाजोगाई)
२४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

मंडळी, झालं. १९ ला ३बी गेलं. डीआरसी-०३ झालं, व्याज टीसीएसच्या पैशातूनच भरलं, खिशातून काही गेलं नाही. आज एएसएमटी-११ दाखल केलं. अधिकाऱ्यांचं समाधान झालं की एएसएमटी-१२ येतं म्हणे, त्याची वाट बघायलेय. चालू खातं उघडलं. २,८०० च्या वाकळीचा दर बदलला.

आमच्यातली एक जण बारावी झालेली आहे, आता ती पत्रक भरते. नोव्हेंबरच्या पत्रकात चार ओळी लाल निघाल्या. तीन ओळींचा दावा टाकला. चौथीचं कळंना. बेंगळुरूहून गोधडी परत आली, पण धुतलेली आहे, रंग उतरलाय. ॲपनं दावा फेटाळला. विक्री तर उलटवली, मग ही गोधडी वहीत कशी लिहायची?

मोंढ्यातला मुनीम (लातूर)
२५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मालाच्या वहीत 'परत, खराब' म्हणून जमा करा आणि आज ती जेवढ्याला जाईल तेवढीच किंमत लिहा. दोनशेला जात असेल तर दोनशे. फेकून देऊ नका. फेकली तर तिच्या कापडावर घेतलेलं क्रेडिट उलटवावं लागतं, हे करसल्लागार सांगतीलच. अंबाजोगाईच्या आठवडी बाजारात विका, बिल फाडा, ५ टक्के लावा. ॲपबाहेरच्या विक्रीला बिलांचा वेगळा अनुक्रम ठेवा, पहिलं बिल याच गोधडीचं होऊ द्या.